उत्पन्नाचा उगम आणि कुटुंबाचा संसार : सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील गलाई व्यवसाय व मानव विकासाचे मापन

प्रस्तावना

सातारा आणि सांगली हे जिल्हे महाराष्ट्राच्या प्रगत भागात गणले जातात. सहकारी साखर कारखानदारी, द्राक्ष-बेदाणा, हळदीची बाजारपेठ, रयत शिक्षण संस्थेने खेड्यापाड्यांत नेलेले शिक्षण आणि किर्लोस्करवाडीपासून सुरू झालेली औद्योगिक परंपरा यांमुळे हा लौकिक त्यांना प्राप्त झाला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची साक्षरता ८२.८७ टक्के व सांगली जिल्ह्याची ८१.४८ टक्के होती. राज्याची सरासरी ८२.३४ टक्के होती. म्हणजे हे दोन्ही जिल्हे राज्याच्या मध्यावर, किंबहुना त्याच्या अगदी निकट उभे होते.

याच जनगणनेतील दुसरी एक आकडेवारी मात्र विचारात पाडणारी आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली, सांगलीची ९.२४ टक्क्यांनी आणि साताऱ्याची केवळ ६.९३ टक्क्यांनी. जन्मदरातील घट हे याचे एक कारण निश्चितच आहे. परंतु तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. या जिल्ह्यांतून माणसे बाहेर जात आहेत, आणि ती आजच नव्हे तर शंभर वर्षांहून अधिक काळ जात आहेत. जी माणसे गेली त्यांची मिळकत कोणाच्या खाती जमा होते, आणि मागे राहिलेल्यांच्या विकासाचे माप आपण कशाने घेतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी खानापूर-आटपाडी परिसरातील गलाई व्यवसायाचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे.

एका जिल्ह्यातील दोन प्रदेश

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या माण व आटपाडी तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तोही भरवशाचा नसतो. वाई, कराड, वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठ. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत हा पर्जन्यछायेचा टापू. जिल्ह्याची सीमा या दोन प्रदेशांना एकत्र बांधते, आणि मग त्यांची सरासरी काढली जाते.

या सीमांचा इतिहासही ध्यानात घेण्यासारखा आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 'दक्षिण सातारा' हा जिल्हा अस्तित्वात आला आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून तो 'सांगली' या नावाने ओळखला जाऊ लागला. सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांचे तुकडे त्यात सामावले गेले. त्यांपैकी औंध संस्थानाची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. कुंडल आणि आटपाडी ही दोन्ही ठिकाणे याच संस्थानात होती. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ जागा दिली आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. तोच राजा, तेच प्रशासन, उद्योगाविषयीची तीच आस्था. तरीही आटपाडीला कारखाना आला नाही. कुंडलजवळून रेल्वे जात होती, कृष्णाकाठ हाकेच्या अंतरावर होता. आटपाडीजवळ यांपैकी काहीच नव्हते. उद्योजकाची दूरदृष्टी हे औद्योगिक विकासाचे एकमेव कारण मानण्याची आपल्या पाठ्यपुस्तकांची सवय येथे तपासून पाहण्याजोगी आहे.

१९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीचा काचकारखाना निघाला. १९२२ मध्ये सातारारोडला कूपर यांचा कारखाना सुरू झाला. तीनही ठिकाणे लोहमार्गावरची आहेत. स्वातंत्र्यानंतर साखर कारखान्यांची मालिका उभी राहिली ती नदीकाठी. दुष्काळी पट्ट्यातही पुढे कारखाने निघाले. पण पाण्याअभावी उसाचा पुरवठा अपुरा राहिला, त्यांतले काही बंद पडले, तर काही दुसऱ्यांच्या ताब्यात गेले.

बाहेर पडण्याच्या वाटा

ज्या भागात पाणी, रेल्वे आणि भांडवल पोहोचले नाही तेथील माणसांनी उपजीविकेच्या स्वतंत्र वाटा शोधल्या. पहिली वाट सैन्याची. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखले जाऊ लागले. दुसरी वाट मुंबईच्या कापडगिरण्यांची. गिरणगावात कोकणाखालोखाल घाटावरच्या, विशेषतः साताऱ्याकडच्या कामगारांचा भरणा होता. तिसरी वाट गोदी, बाजार आणि वखारींतील ओझी वाहण्याची. पाटण, जावळीच्या डोंगरी भागातून गेलेल्या या कष्टकऱ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. अण्णासाहेब स्वतः पाटण तालुक्यातीलच.

या वाटा कायमच्या नसतात, हे १९८२ च्या गिरणी संपाने दाखवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या बंद पडल्यावर त्यांतले अनेक गावी परतले. खानापूर तालुक्यात परतलेल्या अशा कामगारांतूनच मुक्तिसंघर्ष चळवळीला कार्यकर्ते मिळाले, आणि दुष्काळ ही निसर्गाची करणी आहे की पाणीवाटपाची, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. येरळा नदीवरील बळीराजा धरण हे त्याचे दृश्य फळ. बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतील थोडी वाळू विकून त्या पैशातून हे धरण उभारले आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क असावा हे सूत्र मांडले. शहरातून परतलेला कामगार गावात केवळ बेरोजगार म्हणून येत नाही, संघटनेचा अनुभव घेऊनही येतो, ही बाब आपल्याकडील स्थलांतराच्या अभ्यासांत क्वचितच नोंदली जाते.

तालुक्यातच काम मिळावे या विचाराचा उगमही याच परिसरातला. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये मजुरीच्या हमीचा प्रयोग केला. त्यातून पुढे राज्याची रोजगार हमी योजना साकारली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कायद्याचा पूर्वज तो हाच.

गलाई : व्यवसायाचे स्वरूप

चौथी वाट गलाईची. 'गलाई' म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा. विटा हे त्याचे केंद्र. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि लगतच्या खटाव-माण भागातील गावोगावची माणसे या व्यवसायानिमित्त देशभर विखुरली आहेत. सराफ पेठ असलेल्या कोणत्याही मोठ्या शहरात, मग ते केरळातील त्रिशूर असो वा तमिळनाडूतील कोइमतूर, बाजाराच्या मागच्या बोळात गलाईचे एखादे दुकान आणि त्यात विट्याकडची मराठी कानी पडण्याचा संभव मोठा. यातील बहुतेक माणसे परंपरेने सोनार नव्हेत. ती कोरडवाहू शेतकरी कुटुंबांतील आहेत. नदी नाही, खाण नाही, सोन्याची पेठ नाही, अशा भागाने संपूर्ण देशाच्या सराफीला लागणारे एक कौशल्य आत्मसात करावे, हे अर्थशास्त्राच्या स्थाननिश्चितीच्या कोणत्याही सिद्धान्तात सहज बसत नाही.

हा व्यवसाय तांत्रिकदृष्ट्या नेमका काय आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे अर्थकारण कळणार नाही. मोडीत आलेल्या दागिन्यात सोन्याबरोबर तांबे, चांदी आणि डाग लावण्याचे मिश्रण असते. नवा दागिना घडवण्यापूर्वी त्यातून शुद्ध सोने वेगळे काढावे लागते. त्यासाठी सोने मुशीत घालून टाकणखारासह आटवतात. त्यात चांदीचे प्रमाण कमी असेल तर उलट चांदी मिसळतात, इतकी की एकूण मिश्रणात सोने सुमारे एक चतुर्थांश राहावे. सोन्याचा वाटा याहून बराच अधिक असला तर आतली चांदी सोन्याच्या आवरणाखाली सुरक्षित राहते आणि तेजाबाला तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. अशुद्धता काढण्यासाठी आधी अशुद्धता वाढवायची, ही या प्रक्रियेतील युक्ती. मग नत्राम्लाच्या तेजाबात चांदी व तांबे विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपात सोने उरते. ती धुऊन पुन्हा आटवली की लगड तयार होते. विरघळलेली चांदी वाया जात नाही. द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती खाली बसते. याशिवाय सोनाराच्या दुकानातील केर, कानशीचा कीस, भट्टीची राख आणि हात धुतलेले पाणी यांतूनही धातू काढला जातो. पूर्वी हे काम झारेकऱ्यांचे असे.

या प्रक्रियेत यंत्रसामग्री थोडी लागते. मूस, भट्टी, भाता, तेजाब, तराजू आणि टंच ओळखणारी नजर एवढ्यावर दुकान चालते. खरे भांडवल वेगळेच आहे. सराफ आपले सोने परक्या माणसाच्या हाती सोपवतो. ते आटल्यावर किती घटले हे त्याला गलाईवाल्याच्या शब्दावरूनच मानावे लागते. म्हणून विश्वास हीच या धंद्यातील मुख्य पुंजी ठरते, आणि विश्वास नात्यागोत्याच्या साखळीतून येतो. गावातील एखादा मुलगा चुलत्याच्या, मामाच्या किंवा भावकीतल्या कुणाच्या दुकानावर जातो, काही वर्षे हाताखाली राहून काम शिकतो, भिशी आणि उसनवारी यांतून रक्कम जमवतो आणि नव्या शहरात आपले दुकान थाटतो. त्याच्या लबाडीची झळ एकट्या त्याला नव्हे तर त्याला आणणाऱ्या साऱ्या गोतावळ्याला बसते. हाच त्याच्या सचोटीचा जामीन. बँकेच्या तारणापेक्षा हा जामीन कठोर असतो. आणि याच कारणाने ज्याच्या भावकीत अगोदर कुणी गलाईवाला नाही, त्याला या धंद्याचे दार सहसा उघडत नाही. गलाईने दुष्काळी गावांतील काही घरांना सावरले, सर्वांना नव्हे; गावातील विषमता काही प्रमाणात नात्यांच्या रेषांवरून पुढे सरकली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शासनाच्या धोरणाशी या व्यवसायाचे नाते सदैव ताणलेले राहिले. १९६३ चे सुवर्ण नियंत्रण नियम आणि १९६८ चा कायदा यांनी शुद्ध सोने बाळगण्यावर आणि शुद्धीकरणावर निर्बंध घातले. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर आणि १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग यांनी सोन्याचा व्यवहार कागदावर आणला. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण टंच सांगणारे क्ष-किरण यंत्र आणि मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांची स्पर्धा यांमुळे ज्या नजरेवर आणि शब्दावर गलाई उभी होती तिची किंमत घटू लागली आहे.

शारीरिक किमतीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तेजाबात धातू विरघळताना तांबूस-तपकिरी वायू निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड होय. फुप्फुसांना तो घातक असून त्याचे गंभीर परिणाम कित्येकदा काही तासांनी दिसू लागतात. वायुवीजनाची सोय नसलेल्या लहानशा खोलीत वर्षानुवर्षे हे काम करणारा माणूस कारखाना कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तो स्वतःच मालक असतो, किंवा नातेवाईकाकडे शिकाऊ असतो. त्याचा खोकला परराज्यातील रुग्णालयात नोंदला जातो, आणि वार्धक्यात तो गावी परतला की त्याचे कारण नोंदवणारे कुणी नसते.

उत्पन्न कोठे मोजले जाते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने १९९० पासून प्रसिद्ध केलेला मानव विकास निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न या तीन अंगांनी बनतो. महाराष्ट्र शासनाच्या २००२ च्या मानव विकास अहवालाने तो जिल्हा पातळीवर आणला. त्यातील उत्पन्नाच्या अंगासाठी दरडोई जिल्हा उत्पन्नाचा आधार घेतला जातो. जिल्हा उत्पन्न हे 'उगमा'च्या तत्त्वावर मोजतात. म्हणजे जिल्ह्याच्या भौगोलिक सीमेत जेवढे मूल्य निर्माण झाले तेवढेच त्या जिल्ह्याचे. 'प्राप्ती'च्या तत्त्वावर, म्हणजे जिल्ह्यातील रहिवाशांच्या हाती प्रत्यक्ष किती आले या हिशेबाने ते मोजले जात नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातील एका कुटुंबाचा कर्ता कोइमतूरला गलाईचे दुकान चालवतो. त्याची वार्षिक मिळकत चार लाख रुपये आहे आणि त्यातील दीड लाख तो गावी पाठवतो. घरची कोरडवाहू शेती वर्षाला साठ हजार देते. घरी आई, पत्नी आणि दोन मुले आहेत. कुटुंबाच्या हाती गावात येणारी रक्कम दोन लाख दहा हजार. जिल्हा उत्पन्नात धरले जातात साठ हजार. चार लाख कोइमतूरच्या खाती. पाठवलेल्या दीड लाखातून घर बांधले तर गवंड्याची मजुरी सांगलीच्या उत्पन्नात येईल. पण तो पैसा आला कोठून, याचा पत्ता त्या आकड्यात राहणार नाही. जनगणनेच्या घरयादीत मात्र त्याच कुटुंबाचे पक्के घर, दूरचित्रवाणी संच, दुचाकी हे सारे नोंदले जाईल. एकाच गावाविषयी दोन शासकीय स्रोत मग परस्परविरोधी चित्र रंगवतात. एक म्हणतो गाव गरीब आहे, दुसरा म्हणतो घरे चांगली आहेत. आपले विद्यार्थी प्रकल्प लिहिताना यांतील एक निवडतात आणि दुसरा सोडून देतात.

कृष्णाकाठी याच्या उलट घडते. दर हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या श्रमातून निर्माण झालेले मूल्य सांगली-साताऱ्याच्या उत्पन्नात मोजले जाते. ते मजूर मात्र येथील लोकसंख्येत नसतात आणि मजुरीचा मोठा भाग आपल्या गावी नेतात. म्हणजे दुष्काळी तालुक्यात प्रत्यक्षापेक्षा कमी आणि बागायती तालुक्यात प्रत्यक्षापेक्षा अधिक असे दोन दोष एकाच जिल्ह्यात एकत्र येतात. बेरजेत ते काही अंशी एकमेकांना झाकतात, आणि म्हणूनच जिल्ह्याची सरासरी वरवर पाहता पटण्याजोगी दिसते.

राष्ट्रांच्या बाबतीत हा दोष ओळखून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०१० मध्ये देशांतर्गत उत्पादनाऐवजी राष्ट्रीय उत्पन्नाचा निकष स्वीकारला. परदेशातून येणारा पैसा काही देशांच्या राहणीमानात निर्णायक असतो, हे त्यामागील एक कारण. जिल्ह्यांच्या बाबतीत अशी सुधारणा करता येत नाही, कारण जिल्ह्याच्या सीमेवर पैशाची नोंद ठेवणारी यंत्रणा नाही. निदान एकक तरी लहान असावे, या विचाराने राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाने २००६ मध्ये २५ तालुक्यांपासून आरंभ केला आणि २०११ मध्ये ती संख्या १२५ वर नेली. परंतु तालुका हे एकक घेतल्याने दोन ठिकाणी विभागलेले कुटुंब एकसंध होत नाही.

लिंग-गुणोत्तराचा फसवा आरसा

मानव विकासाच्या चर्चेत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण हा स्त्रियांच्या स्थितीचा दर्शक मानला जातो. १९९१ मध्ये सातारा जिल्ह्यात हे प्रमाण १०२९ होते. २००१ मध्ये ते ९९५ आणि २०११ मध्ये ९८८ झाले. सांगलीत २००१ मध्ये ९५७ व २०११ मध्ये ९६६ होते. राज्याचे अनुक्रमे ९२२ आणि ९२९. या आकड्यांवरून साताऱ्यात स्त्रियांना विशेष सन्मान आहे असा निष्कर्ष काढणारे शोधनिबंध प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आले आहेत. पण सहा वर्षांखालील मुलांचे गुणोत्तर पाहिले की आरसा फुटतो. २००१ मध्ये सांगलीत ते ८५१ आणि साताऱ्यात ८७८ होते, राज्याचे ९१३. २०११ मध्ये थोडी सुधारणा झाली तरी दोन्ही जिल्हे नऊशेच्या खालीच राहिले. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा या आकड्यांमागचे वास्तव साऱ्या राज्याने पाहिले.

मुली जन्मण्याआधीच कमी होत असताना एकूण स्त्रियांचे प्रमाण जास्त कसे? पुरुष गावात नसतात म्हणून. जो आकडा समतेचा दर्शक समजला जातो तो येथे मुख्यतः पुरुषांच्या स्थलांतराचा दर्शक आहे. गावी राहिलेली स्त्री शेती, जनावरे, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि मुलांची शाळा सांभाळते; सातबाऱ्यावर मात्र बहुधा तिचे नाव नसते आणि पीककर्जासाठी सही लागते ती दूर असलेल्या माणसाची. माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर असल्यामुळे रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. त्या स्त्रिया लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज केला. साक्षरतेच्या टक्केवारीत न दिसणारी गोष्ट येथे दिसते : अक्षरओळख ही त्यांच्यासाठी आर्थिक व्यवहाराच्या अधिकाराची अट होती.

अलीकडे गलाईवाले कुटुंबासह शहरात राहू लागले आहेत. त्यामुळे विरह टळतो. पण मुले तमिळ वा मल्याळी परिसरात वाढतात आणि गावच्या शाळेचा पट घटतो. गावी राहणाऱ्या मुलांपुढे निराळा पेच असतो. दहावीनंतर पदवीपर्यंत शिकावे की मामाच्या दुकानावर जावे, हा निर्णय घरात घेतला जातो तेव्हा पदवीधर बेरोजगार आणि कमावता गलाईवाला ही दोन्ही उदाहरणे त्याच गल्लीत उभी असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. येथे 'कमवा' आणि 'शिका' यांत निवड करावी लागते. आपल्या प्रवेश अर्जात पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात अशी मुले 'शेती' लिहितात, कारण जमीन नावावर आहे. वर्गात विचारले की 'गलाई' असे उत्तर मिळते. आपण कागदावरचे उत्तर जपून ठेवतो.

पाणी आल्यानंतर

कृष्णेच्या पाण्यावरील ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी या पट्ट्याचा भूगोल बदलण्यास आरंभ केला आहे. टेंभू योजनेला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. कराडजवळ उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडीपर्यंत नेण्याची ही योजना मूळ आराखड्यात ८० हजारांहून अधिक हेक्टर क्षेत्रासाठी आखली गेली. तिच्यामागे नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आदींनी चालवलेल्या चळवळीचा आणि आटपाडीच्या पाणी परिषदांचा दीर्घ रेटा होता. समन्यायी वाटपाची मागणी तेथूनच पुढे आली.

आता प्रश्न असा की पाणी आले तेव्हा शेत कसायला घरी कोण होते? ठिबक, द्राक्षाचा मांडव, डाळिंबाची रोपे यांना लागणारी रक्कम ज्या घरांत गलाईचा पैसा येत होता त्यांना तुलनेने लवकर उभी करता आली. केवळ शेतीवर असलेल्या शेजाऱ्याला कर्ज काढावे लागले. योजनेचे मूल्यमापन मात्र भिजलेल्या हेक्टरांत होते. तेच पाणी एकाच शिवारात निरनिराळे फळ देते, आणि त्याचे कारण हजार किलोमीटरवरच्या सराफ पेठेत असते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीत सराफ पेठा बंद झाल्या आणि अनेक गलाईवाले गावी परतले. १९८२ नंतरचा गिरणी कामगार परतला तेव्हा येथे दुष्काळ होता. २०२० मध्ये परतलेल्यांपैकी काहींच्या शिवारात पाणी पोहोचले होते. त्यांतील किती जण थांबले, किती परत गेले आणि का, हे कोणत्याही शासकीय तक्त्यात आढळणार नाही.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे

२०२१ ची जनगणना झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेची संदर्भ-तिथी १ मार्च २०२७ ही आहे. फेब्रुवारी महिना म्हणजे गळीत हंगामाचा भर आणि लग्नसराईआधीची सराफ पेठेची घाई. ऊसतोड मजूर येथे फडात असतील आणि गलाईवाला कोइमतुरात. जे तेथे सहा महिन्यांहून अधिक राहतात त्यांची नोंद तेथेच व्हावी, हे नियमानुसार योग्यच आहे. उरलेले काम आपले आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील ग्रामीण महाविद्यालयांकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, आणि त्यांतील अनेक अशाच घरांतून आलेले आहेत.

कुटुंब-सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत फार भर घालण्याची गरज नाही. 'या चुलीवर कोणाकोणाचा पैसा येतो, आणि ती व्यक्ती कोठे असते?' हा एक प्रश्न, आणि 'घरी नसलेल्या व्यक्तीऐवजी कोणते निर्णय कोण घेते?' हा दुसरा. 'कुटुंबात किती माणसे राहतात' असे विचारून सुरुवात केली की कमावणारा माणूस पहिल्याच ओळीत गळतो. उत्पन्नाचा आकडा विचारण्याऐवजी गेल्या वर्षी कितीदा आणि कशासाठी पैसे आले, हे विचारल्यास उत्तरे अधिक विश्वसनीय मिळतात. सोन्याच्या धंद्यातील माणूस अनोळखी व्यक्तीला मिळकत सांगत नाही, आणि त्याने का सांगावी?

सर्वेक्षणाची वेळ हाही तांत्रिक मुद्दा नाही. गलाईवाला गावी येतो तो ग्रामदैवताच्या यात्रेला आणि दिवाळीला. पुष्कळ गावांच्या यात्रा चैत्र-वैशाखात भरतात आणि नेमक्या त्याच सुमारास विद्यापीठाच्या परीक्षा असतात. राहिली दिवाळीची सुट्टी. त्या आठ-दहा दिवसांत प्राध्यापक आणि विद्यार्थी गावात गेले, तर कागदावर 'शेती' असलेल्या घरात प्रत्यक्ष गलाईवाल्याशी बोलता येईल.